मेडिकलवर ‘टीटी’ मिळते. पण ती तुमच्यासाठी बूस्टर ठरते का?

साकोलीत बूस्टर डोस कुठे मिळतो, कोण टोचू शकतो आणि कुणाला खरोखर लागतो? सोप्या भाषेत समजून घेऊ.

रोवणीच्या दिवसांत साकोलीतल्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो : “टीटी आहे का जी?” कुणाच्या पायात बांधीतला काटा गेलेला असतो, कुणाला विळा लागलेला असतो, कुणाचा हात टिनाच्या पत्र्याने कापलेला असतो. मेडिकलवाला फ्रिजमधून छोटी काचेची कुपी काढतो, सोबत सिरिंज देतो. ती घेऊन माणूस जवळच्या दवाखान्यात जातो, इंजेक्शन घेतो आणि निर्धास्त होतो.

आपल्याकडे ‘बूस्टर’ म्हटले की कोविड आठवतो. पण गावाकडे वर्षानुवर्षे सर्वाधिक घेतला जाणारा बूस्टर हाच आहे, धनुर्वाताचा. फरक इतकाच की त्याला कुणी बूस्टर म्हणत नाही. आणि गोंधळही इथेच आहे. ज्याला रोज बूस्टर समजून टोचले जाते, ते काही जणांसाठी बूस्टर नसतेच. काहींना त्याची गरज नसते, तर काहींना तेवढ्याने संरक्षण मिळत नाही.

थोडक्यात सांगायचे तर

• भारतात मेडिकल स्टोअर लस विकू शकते. मेडिकलमध्ये फार्मासिस्टने लस टोचण्याची व्यवस्था आपल्या कायद्यात नाही.
• बूस्टर म्हणजे आधी पूर्ण झालेल्या डोसची उजळणी. आधीचे डोसच नसतील तर एक सुई पुरत नाही.
• धनुर्वाताची लस प्रत्येक खरचटण्याला लागत नाही. शेवटचा डोस कधी झाला, हे माहीत असणे महत्त्वाचे.
• सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते. आता तिथे ‘टीटी’च्या जागी ‘टीडी’ आहे.
• लस गरम होण्याइतकेच तिचे गोठणेही धोक्याचे आहे. बर्फावर ठेवलेली कुपी निकामी होऊ शकते.

मेडिकलमध्ये बूस्टर टोचून मिळतो का?

सरळ उत्तर : नाही.

मेडिकल चालवायला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालील १९४५ च्या नियमांनुसार परवाना लागतो. साध्या औषधांच्या किरकोळ विक्रीचा परवाना ‘फॉर्म २०’ मध्ये मिळतो. लसी, सिरम, इन्सुलिन अशा जैविक औषधांसाठी वेगळा ‘फॉर्म २१’ लागतो. साठवणुकीची योग्य सोय असणे ही परवान्याची अट आहे. म्हणजे फ्रिज असलेले, परवानाधारक मेडिकल डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लस विकू शकते.

पण विकणे वेगळे आणि टोचणे वेगळे. फार्मासिस्टने काय करावे, हे फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१५ च्या नियमावलीत दिले आहे. चिठ्ठी तपासणे, योग्य औषध देणे, ते कसे घ्यायचे हे समजावून सांगणे, ही त्याची कामे आहेत. लस टोचण्याचे काम डॉक्टरांचे किंवा त्यांच्या देखरेखीखाली प्रशिक्षित नर्सचे. सरकारी लसीकरण सत्रात हे काम एएनएम, म्हणजे आपल्या सिस्टर करतात.

यामागे कारणही आहे. कुठल्याही लसीनंतर क्वचित एखाद्याला तीव्र ॲलर्जी येऊ शकते. रक्तदाब घसरतो, श्वास अडकतो. अशा वेळी ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन काही मिनिटांत द्यावे लागते. ही तयारी दवाखान्यात असते, काउंटरवर नसते. म्हणूनच लस घेतल्यावर अर्धा तास बसून राहायला सांगतात.

त्यामुळे “इथंच मारून देतो” असे कुणी काउंटरमागून म्हणाले, तर नम्रपणे नको म्हणा. कुपी घ्या आणि डॉक्टरांकडे जा.

कोविडचा बूस्टर मेडिकलमध्ये का आला नव्हता?

२७ जानेवारी २०२२ रोजी कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिन या लसींना प्रौढांसाठी सशर्त बाजार मंजुरी मिळाली. त्याआधी त्या आपत्कालीन वापराच्या परवानगीवर दिल्या जात होत्या. बातमी आली तेव्हा अनेकांना वाटले, आता लस मेडिकलमध्ये मिळणार. पण तसे होणार नाही, हे तेव्हाच स्पष्ट करण्यात आले. लस रुग्णालये आणि दवाखान्यांतूनच द्यायची, प्रत्येक डोसची नोंद कोविनवर करायची आणि दुष्परिणामांवर लक्ष ठेवायचे, अशा अटी होत्या.

बूस्टरला सरकारने ‘प्रिकॉशन डोस’ असे नाव दिले होते. १० जानेवारी २०२२ पासून तो आरोग्य कर्मचारी, फ्रंटलाइन कर्मचारी आणि सहव्याधी असलेल्या ६० वर्षांवरील नागरिकांना मिळू लागला. १० एप्रिल २०२२ पासून १८ वर्षांवरील सर्वांसाठी तो खुला झाला, पण १८ ते ५९ वयोगटाला खासगी केंद्रावर पैसे देऊन घ्यावा लागत होता. लसीची किंमत २२५ रुपये, त्यावर कर आणि सेवाशुल्क जास्तीत जास्त १५० रुपये.

शहरात हे सोपे होते. ज्या तालुक्यात खासगी केंद्र नाही, तिथल्या माणसासाठी बूस्टर म्हणजे लसीचे पैसे, बसचे तिकीट आणि एक दिवसाची मजुरी. १५ जुलै २०२२ पासून ७५ दिवस सरकारी केंद्रांवर हा डोस सर्व प्रौढांना मोफत झाला. त्याच महिन्यात दोन डोसमधले अंतरही ९ महिन्यांवरून ६ महिन्यांवर आले होते.

या अनुभवातून एक गोष्ट लक्षात येते. लस उपलब्ध असणे आणि ती आपल्या हाताच्या अंतरावर असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

परदेशात मग फार्मसीत कसा मिळतो?

पुण्या-मुंबईतून किंवा नागपुरातून अमेरिकेला गेलेला भाचा फोनवर सांगतो, “मामा, मी किराणा आणायला गेलो आणि येता येता फ्लूची लस घेऊन आलो.” ते खरे आहे. अमेरिकेत २००९ पर्यंत सर्व ५० राज्यांनी फार्मासिस्टना लस टोचण्याची परवानगी दिली होती. इंग्लंडमध्ये २०१५ पासून सरकारी आरोग्यसेवेतली फ्लूची लस गल्लीतल्या फार्मसीत मिळते.

पण तिथे फार्मासिस्टला लस टोचण्याचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. ॲलर्जी आली तर काय करायचे, हे शिकावे लागते. लस देण्यासाठी आडोशाची जागा ठेवावी लागते आणि डोसची नोंद करावी लागते. नुसते फ्रिज आणि सुई यांच्यावर ती व्यवस्था उभी नाही.

आपल्याकडे मेडिकल ही गावातली सर्वाधिक वेळ उघडी असणारी आरोग्यसेवा आहे. उद्या कायदा बदलला तर त्याचा फायदा साकोलीसारख्या गावांनाच आधी होईल. पण तोवर मेडिकलचे काम लस नीट सांभाळून विकण्यापुरतेच आहे, हे ध्यानात ठेवा.

बूस्टर म्हणजे नेमके काय?

लसीच्या पहिल्या डोसात शरीराला शत्रूची ओळख होते. दुसऱ्या-तिसऱ्या डोसात ती ओळख पक्की होते आणि स्मरणात राहते. काही वर्षांनी रक्तातली संरक्षक द्रव्ये, म्हणजे अँटिबॉडी, कमी होत जातात. तेव्हा एक डोस दिला की जुनी आठवण जागी होते आणि काही दिवसांत अँटिबॉडी झपाट्याने वाढतात. हाच बूस्टर.

फोनच्या भाषेत सांगायचे तर बूस्टर म्हणजे अपडेट. ॲप फोनमध्ये असेल तर अपडेट दोन मिनिटांत बसतो. ॲपच नसेल तर अपडेट कशावर बसवणार?

धनुर्वाताच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे. ज्याला आयुष्यात एकही डोस मिळालेला नाही, त्याला जखमेनंतर दिलेली पहिली सुई लगेच संरक्षण देत नाही. पहिल्या डोसनंतर संरक्षण नगण्य असते. चार आठवड्यांनी दुसरा डोस घेतला की साधारण १ ते ३ वर्षे, तिसऱ्या डोसनंतर किमान ५ वर्षे, चौथ्यानंतर १० वर्षे असा तो चढता आलेख आहे. आणि जखमेनंतर धनुर्वाताची लक्षणे सहसा ३ ते २१ दिवसांत दिसतात. म्हणजे रोग लसीच्या आधी पोहोचू शकतो.

धनुर्वात खरेच गंजलेल्या खिळ्याने होतो का?

खिळ्याच्या गंजाने नाही, खिळ्याला लागलेल्या मातीने होतो. धनुर्वाताच्या जंतूचे नाव क्लॉस्ट्रिडियम टेटानी. त्याचे बीजाणू मातीत, धुळीत, जनावरांच्या शेणात वर्षानुवर्षे टिकतात. खोल, अरुंद जखमेत हवा पोहोचत नाही, तिथे ते वाढतात आणि विष तयार करतात. हे विष नसांवर परिणाम करते. आधी जबडा आखडतो, दातखीळ बसते. पुढे पाठीचे स्नायू इतके ताणले जातात की शरीर धनुष्यासारखे वाकते. ‘धनुर्वात’ हे नाव त्यावरूनच.

धानाच्या बांधीत अनवाणी उतरणारा, गोठ्यात शेण काढणारा, बैलजोडी सांभाळणारा माणूस या जंतूच्या सर्वाधिक जवळ असतो. हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही. त्यामुळे गावातल्या इतर सगळ्यांनी लस घेतली, म्हणून तुम्ही वाचाल असे होत नाही. आणखी एक गोष्ट : एकदा धनुर्वात होऊन बरा झाला तरी शरीरात कायमची प्रतिकारशक्ती तयार होत नाही. त्या रुग्णालाही लस घ्यावीच लागते.

जखमेवर माती, शेण, चुना किंवा तंबाखू लावण्याची सवय अजूनही आहे. माती आणि शेण लावणे म्हणजे जंतूला दार उघडून देणे. जखम आधी स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा.

टीटी आणि टीडीत फरक काय?

टीटी म्हणजे फक्त धनुर्वाताची लस. टीडीमध्ये धनुर्वातासोबत घटसर्पाचाही कमी मात्रेतला डोस असतो. घटसर्पाविरुद्धची शक्तीही वयानुसार कमी होते, म्हणून भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात टीटीच्या जागी टीडी आली. सरकारी दवाखान्यात सिस्टरने “टीटी नाही, टीडी आहे” म्हटले तर परत फिरू नका. ती तुम्हाला हवी असलेलीच लस आहे, वर घटसर्पाचे संरक्षण जास्तीचे.

प्रत्येक जखमेला इंजेक्शन हवे का?

नाही. “सहा महिने झाले, टीटी घेऊन टाक” हा सल्ला आपण सगळ्यांनी ऐकला आहे. पण आधीचे डोस पूर्ण असतील तर डॉक्टर साधारण असा विचार करतात :

• जखम छोटी आणि स्वच्छ, शेवटचा डोस १० वर्षांच्या आत : लस नको.
• जखम छोटी आणि स्वच्छ, शेवटचा डोस होऊन १० वर्षे झाली : एक बूस्टर.
• जखम खोल, माती-शेण लागलेली, जनावर चावलेली किंवा भाजलेली, आणि शेवटचा डोस होऊन ५ वर्षे झाली : एक बूस्टर.
• आधीचे तीन डोस पूर्ण नाहीत किंवा काहीच आठवत नाही : लस सुरू करायची. जखम घाण असेल तर सोबत तयार अँटिबॉडीचे इंजेक्शन, म्हणजे टिटॅनस इम्युनोग्लोब्युलिन.

शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. मेडिकलवरून एक कुपी आणून टोचून घेणारा माणूस नेमका इथेच फसतो. त्याला लागते लस अधिक इम्युनोग्लोब्युलिन आणि त्यानंतर उरलेले दोन डोस. मिळते फक्त एक सुई. चार आठवड्यांनी दुसऱ्या डोससाठी या, असे काउंटरवर कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

उलट बाजूला, दर सहा महिन्यांनी टीटी घेणाऱ्याला फायदा वाढत नाही. वारंवार घेतलेल्या डोसने दंडावर जास्त सूज आणि दुखणे मात्र येऊ शकते.

तुमच्या घरात कुणाचे डोस राहिलेत?

हे शोधायला एक सोपी पद्धत आहे. घरातल्या माणसांचे जन्मवर्ष पाहा.

भारतात लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला आणि सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये. त्यानंतरही तो गावोगावी पोहोचायला काही वर्षे गेली. त्यामुळे आज जे पन्नाशीच्या पुढे आहेत, त्यांच्यापैकी अनेकांना लहानपणी धनुर्वाताचे डोस मिळालेच नसतील.

यातही एक फरक आहे. आईला, काकूला गरोदरपणात धनुर्वाताची इंजेक्शने मिळाली असण्याची शक्यता मोठी आहे. प्रत्येक बाळंतपणात दोन डोस किंवा एक बूस्टर, असा तो नियमच आहे. या कामामुळेच २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात दूर झाल्याचे प्रमाणित झाले. पण बाबांना, आजोबांना अशी कुठलीच ठरलेली वेळ कधी मिळाली नाही. त्यांचे डोस म्हणजे वीस वर्षांपूर्वी विळा लागला तेव्हाचे एक आणि खिळा गेला तेव्हाचे एक. नोंद कशाचीच नाही.

म्हणजे शेतात सर्वाधिक जखमा ज्यांना होतात, त्या साठीतल्या शेतकऱ्याच्याच डोसचा पत्ता नसतो. अशा माणसाने जखमेची वाट न पाहता तीन डोस पूर्ण करावेत : पहिला आज, दुसरा चार आठवड्यांनी, तिसरा त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी. पुढे दर १० वर्षांनी एक बूस्टर. रोवणी सुरू होण्याआधी पहिले दोन झाले तर उत्तम.

मुलांचे बूस्टर कधी असतात?

राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात हे बूस्टर मोफत आहेत :

• १६ ते २४ महिने : डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) चा पहिला बूस्टर, पोलिओचा बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस.
• ५ ते ६ वर्षे : डीपीटीचा दुसरा बूस्टर.
• १० वर्षे : टीडी.
• १६ वर्षे : टीडी.

दीड वर्षापर्यंत आई कार्ड जपून ठेवते, आशाताई घरी येऊन आठवण करते. पाच वर्षांचा आणि त्यापुढचे डोस मात्र बरेचदा निसटतात. मूल धडधाकट असते, शाळेत जाते, दवाखान्यात जाण्याचे कारण नसते. दहावी-अकरावीतल्या मुलाला शेवटची टीडी कधी दिली, हे आठवत नसेल तर कार्ड शोधा. सापडले नाही तर उपकेंद्रातल्या सिस्टरना विचारा. उशीर झाला म्हणून डोस वाया जात नाही आणि सगळे डोस पहिल्यापासून सुरू करावे लागत नाहीत. जिथे राहिले तिथून पुढे चालू होते.

कुत्रा चावला तर मेडिकलवरची एक सुई पुरते का?

अजिबात नाही. इथे वेळ घालवणे जिवावर बेतते, कारण रेबीजची लक्षणे दिसल्यावर वाचण्याची शक्यता जवळपास नसते.

पहिले काम : जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा. मिरची, हळद, चुना काहीही लावू नका. मग त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

रेबीजची लस त्वचेत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. ० म्हणजे पहिल्या सुईचा दिवस. रक्त आलेल्या जखमेत लसीसोबत जखमेच्या आजूबाजूला रेबीजचे सिरम किंवा इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते.

ज्यांनी पूर्वी रेबीजचा पूर्ण कोर्स केला आहे आणि कागद जवळ आहे, त्यांना पुन्हा चावा झाला तर फक्त दोन डोस लागतात : ० आणि ३ ऱ्या दिवशी. सिरम लागत नाही. हा खरा बूस्टर. पण “मागच्या वर्षी दोन सुया घेतल्या होत्या” याला पूर्ण कोर्स म्हणत नाहीत. तिसऱ्या सुईनंतर जखम भरते, कामाचे दिवस असतात, आणि उरलेले डोस राहून जातात. नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या गावांनी आणखी एक लक्षात ठेवावे : कोल्हा, रानमांजर, माकड किंवा इतर जंगली जनावराचा चावाही हलक्यात घेऊ नका, डॉक्टरांना दाखवाच.

लस गरम झालेली वाईट की गोठलेली?

बहुतेकांचे उत्तर असते, गरम झालेली. धनुर्वाताच्या लसीपुरते बोलायचे तर गोठलेली जास्त वाईट.

लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. टीटी, टीडी, डीपीटी, हेपॅटायटिस बी या लसींत ॲल्युमिनियमचे क्षार असतात. लस एकदा गोठली की हे कण एकमेकांना चिकटतात आणि वितळल्यावरही पूर्ववत होत नाहीत. लस दिसायला ठीक असू शकते, पण तिची ताकद गेलेली असते. उन्हाचा फटका टीटी तुलनेने थोडा सहन करते. मे महिन्यात पारा ४४-४५ च्या घरात जातो तेव्हा काळजी घ्यायलाच हवी, पण घाबरून कुपी थेट बर्फात खुपसणे हे त्याहून वाईट.

आरोग्य विभाग म्हणूनच लसींसाठी साधे फ्रिज न वापरता आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर वापरतो. वीज गेली तरी त्यातला थंडावा बराच वेळ टिकतो. सरकारी पुरवठ्यातल्या कुपीवर आणखी एक खूण असते, व्हॅक्सिन व्हायल मॉनिटर. गोलात एक चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चालते. चौकोन आणि गोल एका रंगाचे झाले किंवा चौकोन जास्त गडद झाला, तर ती लस वापरत नाहीत. पण ही खूण फक्त उष्णता दाखवते, गोठणे नाही. बाजारातल्या प्रत्येक कुपीवर ती असतेच असेही नाही.

मेडिकलमधून लस घ्यायचीच असेल तर एवढे करा :

१. आधी डॉक्टर दवाखान्यात आहेत याची खात्री करा, मगच लस विकत घ्या.
२. कुपी फ्रिजच्या मधल्या कप्प्यातून काढलेली हवी. फ्रीझरमधून किंवा बर्फाच्या थराला टेकलेली असेल तर नको म्हणा. काउंटरवर बाहेर ठेवलेलीही नको.
३. मुदत तपासा. बिल घ्या आणि बिलावर बॅच नंबर आहे का पाहा.
४. कुपी बर्फाला थेट लागू देऊ नका. कागदात किंवा कापडात गुंडाळून थंड पिशवीत ठेवा. गाडीच्या डिकीत किंवा शर्टाच्या खिशात नको.
५. घरच्या फ्रिजमध्ये “नंतर घेऊ” म्हणून साठवू नका.

बिल न देणाऱ्या किंवा मुदत संपलेली लस विकणाऱ्या दुकानाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

साकोलीत मग कुठे जायचे?

सगळ्यात सोपा पर्याय अनेकदा आपण विसरतो, तो म्हणजे सरकारी रुग्णालय. साकोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे. तालुक्यात सानगडी, एकोडी यांसारख्या गावांत प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत आणि त्यांच्याखाली उपकेंद्रे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. लस, सिरिंज, टोचणे आणि नंतरची अर्ध्या तासाची देखरेख, सगळे एकाच छताखाली.

रात्री जखम झाली आणि ओपीडी बंद असेल तर? रुग्णालयाचा तातडीचा विभाग विचारा. गाडी नसेल तर १०८ वर रुग्णवाहिका आहे. सल्ला हवा असेल तर १०४ हा आरोग्य सल्ल्याचा क्रमांक आहे. जखम धुतलेली आहे आणि धनुर्वाताची लस सकाळीच मिळणार असेल, तर सकाळी जा. पण “आता रात्र उलटली, काय उपयोग” म्हणून टाळू नका. खोल जखम, थांबत नसलेले रक्त किंवा जनावराचा चावा असेल तर मात्र सकाळची वाट पाहू नका.

मुलांच्या लसींसाठी गावातल्या लसीकरण सत्राचा दिवस आशाताईंना विचारा. गरोदर महिलांची टीडीही तिथेच मिळते.

मोठ्यांसाठीच्या काही लसी, जसे फ्लू आणि न्यूमोनियाची लस, ६० वर्षांवरील लोकांना किंवा मधुमेह, दमा, हृदयविकार असलेल्यांना डॉक्टर सुचवतात. या लसी सहसा खासगीत विकत घ्याव्या लागतात. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो. इथे मेडिकल आणि डॉक्टर यांची जोडी उपयोगी पडते : डॉक्टर चिठ्ठी देतात, मेडिकलवाला लस मागवतो आणि ठरलेल्या दिवशी दवाखान्यात ती टोचली जाते.

बूस्टर घेतल्यावर काय होते?

टोचलेल्या जागी दुखणे, थोडी सूज, अंग कसकसणे, एखादा दिवस ताप. हे एक-दोन दिवसांत जाते. दंड चोळू नका. अंगावर पित्त उठणे, ओठ किंवा चेहरा सुजणे, श्वास लागणे, चक्कर येणे यातले काहीही दिसले तर लगेच डॉक्टरांना सांगा. पूर्वी कुठल्या लसीने तीव्र ॲलर्जी झाली असेल तर सुई टोचण्याआधीच ते सांगा.

आणि सर्वात स्वस्त बूस्टर

तो म्हणजे नोंद. कोविडच्या प्रत्येक डोसचे प्रमाणपत्र आपल्या फोनमध्ये आहे : तारीख, लसीचे नाव, बॅच. धनुर्वाताच्या डोसची तारीख मात्र कुणालाच सांगता येत नाही. मुलांच्या आणि गरोदर मातांच्या लसींची नोंद आता यू-विनवर होते. मोठ्यांनी ती स्वतःच ठेवायची आहे.

आज एवढे करा. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने फोनमध्ये एक नोट उघडा. लसीचे नाव, तारीख आणि पुढचा डोस कधी, एवढेच लिहा. केसपेपरचा आणि मुलांच्या कार्डाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका. बाबांना विचारा, शेवटची टीटी कधी घेतली होती. “असेल दहा-बारा वर्षांपूर्वी” असे उत्तर आले, किंवा उत्तरच आले नाही, तर त्यांना घेऊन उपजिल्हा रुग्णालयात जा आणि पहिला डोस घ्या. परत निघताना दुसऱ्या डोसची तारीख फोनमध्ये अलार्म लावून ठेवा.